फळीमागची जागा

१

गाडी आपोआप चालत नव्हती, हे चैतालीला माहीत होतं. ती आपोआप चालते आहे असं भासवण्याचाच तर तिला पगार मिळत होता.

तळेगावच्या पुढे, नवलाख उंबऱ्याच्या हद्दीत कारखान्यांच्या ओळी जिथे संपतात, तिथे औद्योगिक वसाहतीचा एक मोठा टप्पा नुसताच पडून होता. डांबरी रस्ते झालेले, दिव्यांचे खांब उभे, प्लॉटवर नंबरांच्या पाट्या. फक्त कारखाने यायचे बाकी. तिथेच कंपनीने एक शेड भाड्याने घेतली होती. दर रविवारी सकाळी त्या मोकळ्या रस्त्यांवरून एक पांढरी गाडी फेऱ्या मारायची. ड्रायव्हरच्या जागी नुकतंच लायसन निघालेलं अठरा-वीस वर्षांचं कोणीतरी. समोरचं निळं बटण दाबलं की गाडी आपली आपण चालू लागे. आणि मागे, पुढच्या सीटच्या पाठीशी ठोकलेल्या काळ्या फळीच्या आड, दुसरं स्टेअरिंग हातात धरून सत्यम बसलेला असे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो ना, तसंच. इथे फक्त सगळंच दुहेरी होतं आणि शिकवणारा दिसत नव्हता. फळीला आतून लावलेल्या स्क्रीनवर रस्ता बघत तो गाडी हाकायचा.

फसवणूक होती खरी, पण कामाची होती. खरं यंत्र तयार व्हायला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती. तोवर तरुण मुलांचा अशा गाडीवर विश्वास कशाने बसतो हे शोधून ठेवायचं होतं, आणि ते चैतालीकडे होतं. तिने गाडीला डोळे दिले होते. काचेखाली एका खाचेत बसवलेली दिव्यांची आडवी पट्टी. रस्त्यात कुत्रं आलं, सायकलवाला आला, की पट्टीवरचा उजेड त्या अंगाला सरकून थांबायचा. बोलणं नाही, घंटी नाही. नुसतं, 'मी पाहिलंय.' सगळे त्या पट्टीला 'नजर' म्हणत. आणि ती नजर फिरवायची चैतालीच, शेडमध्ये बसून, टॅबवर बोट सरकवत.

एक नियम मात्र कडक होता. मुलं यायच्या आधी सत्यमने मागच्या दाराने आत शिरायचं आणि ती गेल्यावरच बाहेर पडायचं. मधल्या वेळात त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, तिकडे बघायचंही नाही. त्याने आतलं बटण दाबलं की चैतालीच्या टॅबवर हिरवी अक्षरं उमटत: 'तयार'. एवढाच दोघांतला संवाद.

चैताली मुळातच दचकणारी. मागून कोणी हाक मारली तर हातातला चहा सांडायची. कदाचित म्हणूनच घाबरलेल्या माणसाला काय दिसलं की धीर येतो हे तिला नेमकं कळायचं. अनघा मॅडम, म्हणजे तिच्या प्रकल्पप्रमुख, म्हणायच्याच, "तुझी भीती आपल्या फार उपयोगाची आहे गं."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक मुलगी ऐनवेळी आली नाही, म्हणून चैतालीने आपल्या धाकट्या बहिणीला, कोमलला, बसवलं. कोमलकडे लायसन होतं, पण वर्षभरापूर्वी लोणावळ्यातल्या एका चढावर शिकवणीची गाडी मागे घरंगळून भिंतीला लागली होती, आणि तेव्हापासून तिने चाकाला हात लावला नव्हता. वलवणहून कुठेही जायचं तर चैतालीच्या स्कूटीवर, मागे. कामशेतच्या चढाला तर तिची बोटं चैतालीच्या बरगड्यांत रुतायची. "अगं, सोड की जरा! माणूस आहे मी, खांब नाही," चैताली ओरडायची. मनातून तिला ते रुतणं फार आवडायचं.

त्या दिवशी कोमलचे दोन्ही हात पूर्ण फेरीभर स्टेअरिंगच्या वर तरंगत राहिले. शेवटी फॉर्मवर तिने विश्वासाला दहापैकी दोन दिले.

"सॉरी ताई, तुझं नाक कापलं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" चैताली म्हणाली. आणि घरी जाईपर्यंत तिला का कोण जाणे, खूप बरं वाटत राहिलं.

२

पुढच्या रविवारी कोमलने आठ दिले.

चैतालीने फॉर्म दोनदा वाचला. फेरीच्या निम्म्या वाटेवर कोमलने हात मांडीवर ठेवले होते, हे तिने शेडमधल्या स्क्रीनवर पाहिलंच होतं, पण आठ?

"काय झालं एवढं आज?"

"ते मधूनच माझ्याकडे बघतं ना, ते मला आवडलं," कोमल म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते, लहानपणी जत्रेतून आल्यावर व्हायचे तसे. "बाहेर सगळं बघून झालं की एकदा माझ्याकडे. ठीक आहेस ना, असं. तुझीच आयडिया ना?"

नजर फक्त बाहेर बघायची. ती आत वळवावी असं चैतालीच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण बहिणीच्या चेहऱ्यावर जे काही फुललं होतं, ते दुसऱ्या कोणाचं असू नये असं तिला त्या क्षणी इतकं तीव्रतेने वाटलं, की ती म्हणून गेली, "मग! माझीच."

सोमवारी तिने शेडमध्ये एकटीने रेकॉर्डिंग लावलं. सतराव्या मिनिटाला रस्ता रिकामा होता. उजेड पट्टीवरून हळूहळू उजवीकडे आला, कोमलच्या बरोबर समोर थांबला आणि आकसत आकसत एका ठिपक्याएवढा झाला. तिथेच राहिला. कोमलने मान जराशी तिरकी केली. तसा ठिपकाही तेवढाच सरकला.

चाळीस सेकंद.

टॅबवर बोटाची प्रत्येक हालचाल वेळेनिशी टिपली जाते. चैतालीने ती यादी काढली. त्या चाळीस सेकंदांत तिचं बोट काचेला लागलेलंच नव्हतं. तिला आठवलंही. नेमका तेव्हा तिने पाण्याची बाटली उघडली होती.

सॉफ्टवेअर अडकलं असेल. वायर सैल असेल. मान आणि ठिपका बरोबर सरकले, हा योगायोग. माणसाला सगळीकडे डोळे दिसतात, याच गोष्टीवर तर आपलं सगळं काम उभं आहे. तिने स्वतःला हे नीट, मुद्द्यानिशी समजावलं. मग रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि ठिपक्याकडे न बघता कोमलच्या चेहऱ्याकडे बघितलं.

बरगड्यांत बोटं रुतवणारी कोमल असं हसते, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. कारण तेव्हा ती मागे असायची.

३

"बहिणीला पढवून आणलंस की काय?" अनघा मॅडमनी चष्म्यावरून विचारलं. पण त्या खूश होत्या. बाकीच्या मुलांचं पाच-साडेपाचच्या वर सरकत नव्हतं. "माणसाकडे वळून बघणारी नजर! इतकी साधी गोष्ट, आणि सुचली कोणाला नाही. महिनाअखेरीला वरची मंडळी येणार आहेत. त्यांच्यासमोर कोमललाच बसवू. तेवढं ते वळणं जरा पक्कं करून घे."

"हो मॅडम."

आठवडाभर चैताली त्या ठिपक्यामागे लागली. किती वेगाने आकसायचा, किती मंद करायचा, किती वेळ थांबवायचा. सेकंदासेकंदाने नक्कल केली. रविवारी कोमल गाडीत बसली, टॅबवर 'तयार' उमटलं, आणि दहाव्या मिनिटाला चैतालीने श्वास रोखून उजेड आत वळवला.

स्क्रीनवर कोमल दचकली. तिचे हात झपकन स्टेअरिंगवर गेले. ठिपक्याकडे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या, आणि चैतालीने घाईघाईने बोट उचललं.

पुढची वीस मिनिटं तिने टॅबला हातही लावला नाही. तरी नजर फिरत होती. कुत्र्याकडे, दूरच्या ट्रककडे, कडेने चाललेल्या गवताच्या भाऱ्याकडे. आणि अधूनमधून आत. कोमलचे हात पुन्हा मांडीवर आले.

"आज एकदाच काहीतरी बिनसलं होतं," उतरल्यावर कोमल म्हणाली. "मधेच कोणीतरी वेगळंच बघत होतं."

"वेगळं म्हणजे?"

"पाळत ठेवल्यासारखं. मला काय करायचंय ते न बघता, मी काय करते तेवढंच बघणारं." ती शहारली आणि लगेच हसली. "तेवढं काढून टाक हां ताई. बाकी मस्त आहे."

४

गाडीतला आवाजही टिपला जायचा, पण तो कोणी ऐकत नसे. बुधवारी दुपारी चैतालीने वलवणच्या घरी, आतल्या खोलीचं दार लावून, कानात इअरफोन घातले. आई चिक्कीच्या दुकानात कामाला गेलेली. कोमल बाहेरच्या खोलीत झोपलेली. खिडकीतून धरणाच्या बाजूचा वारा येत होता आणि लांबून द्रुतगती मार्गावरच्या ट्रकांची अखंड घरघर.

आधी बराच वेळ नुसतं इंजिन. मग कोमलचा आवाज, सहज, गप्पा मारल्यासारखा.

"ताईला अजून सांगितलेलं नाही. हैदराबादच्या नोकरीचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले."

शांतता.

"नाही, रागावणार नाही ती. रडेल. ते जास्त वाईट."

शांतता.

"मला वाटतं तिला मी घाबरलेलीच बरी वाटते." आणि मग थोड्या वेळाने, हसू दाबत, "ए, तू नको हं लगेच तिची बाजू घेऊस."

चैतालीने आवाज पूर्ण वाढवला. कोमलच्या दोन वाक्यांमधली जागा तिने पाच वेळा, दहा वेळा ऐकली. तिथे इंडिकेटर वाजत होता. टिक, टिक, टिक. रिकाम्या सरळ रस्त्यावर, कुठेही वळायचं नसताना. कोमल बोलायला लागली की थांबायचा. ती थांबली की सुरू.

तिने इअरफोन हिसडून काढले. पण ती घाबरली होती म्हणून नाही, किंवा फक्त म्हणून नाही. पंधरा दिवस! रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या बहिणीने पंधरा दिवस जे गिळून ठेवलं, ते एका गाडीला सांगितलं. गाडीला कसलं? सत्यमला. हे तिला एकदम लख्ख कळलं आणि हायसंही वाटलं. फळीआडून तो कोमलशी बोलत असणार, आवाज येऊ नये म्हणून इंडिकेटर लावत असणार. पट्टीच्या वायरीही त्याने मागे ओढून घेतल्या असतील. वलवणचाच पोरगा, पर्यटकांच्या गाड्या घाटात चालवलेला, गोड बोलण्यात पटाईत. सगळं जुळत होतं.

बाहेर कोमल झोपेत कुशीवर वळली. चैताली दारातून तिच्याकडे बघत उभी राहिली. किती वेळ, ते तिलाच कळलं नाही.

५

रविवारी टॅबवर 'तयार' उमटल्याबरोबर तिने टॅब उलटा ठेवला आणि शेडबाहेर आली. गाडी कोमलला घेऊन लांबच्या वळणाला लागली होती. अनघा मॅडम आज पुण्यातच होत्या. चैतालीचा बेत साधा होता. गाडी फाटकापाशी वळायला हळू होते, तिथे उभं राहायचं, मागच्या दारावर थाप मारायची आणि सत्यमला रंगेहाथ पकडायचं.

फाटकाबाहेर येसूबाईंची चहाची टपरी होती. टपरीच्या बाकावर, पाय पसरून, सत्यम चहात खारी बुडवत बसला होता.

चैताली तशीच बाकापाशी गेली.

"या मॅडम," सत्यम गडबडीने उठला. खारीचा तुकडा कपात पडला. "कमी साखरेचा सांगू का तुमाला?"

"तू... तू इथे काय करतोयस?"

"काय करतुया म्हंजे?" येसूबाईंनी आतून टोमणा मारला. "खारी संपिवतुया माझी! दोन रविवार झालं, बसल्या जागी पगार खातंय मेलं."

"सत्यम, गाडीत कोण आहे?"

सत्यमच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तो येसूबाईंपासून चार पावलं लांब आला. "मॅडम, तुमाला म्हाईत न्हाई?"

"काय माहीत नाही?"

"मशीन बसवली ना खरीखुरी? दोन रविवारामागं, तुमची बहीण दुसऱ्यांदा बसली तवा, चाक माझ्या हातातनं आपसूक फिरलं. मला वाटलं, बिघाड हाय. मी धरून बघितलं, तर..." तो घुटमळला. "धरू देईना. लय जोर न्हाई, पण धरू देईना. मग मी म्हटलं, बसवली वाटतं मशीन गपचिप. घरचं माणूस हाय म्हणून कोमलताईवरच टेस्टिंग चाललंय. बाकीच्या पोरांना मीच फिरवतो की अजून. तोंड उघडलं असतं तर माझी गरजच काय म्हणून घरी धाडलं असतं तुमी. म्हणून ती यायच्या टायमाला मागनं उतरतो, हितं बसतो."

"आणि 'तयार' कोण दाबतं?"

"मी तर न्हाई दाबत," सत्यम म्हणाला.

त्याच वेळी गाडी फाटकापाशी आली. वेग कमी झाला, इंडिकेटर लागला, आणि एखाद्या जुन्या, सरावलेल्या ड्रायव्हरसारखी, खड्डा चुकवून, ती अलगद वळली. कोमल खिडकीशी हनुवटी टेकून बाहेर बघत होती. तिने ताईला पाहिलं आणि हात हलवला. दुसऱ्या हातात तिचा फोन होता.

"लय गुणाची गाडी हाय बया," येसूबाई म्हणाल्या. "माझं कोंबडं आडवं गेलं तर थांबून ऱ्हायली बगा परवा."

६

अनघा मॅडमना फोन करायला हवा होता, हे चैतालीला कळत होतं. केला तर गाडी बंद होईल, माणसं येतील, फळी उचकटतील, कोमल सुखरूप राहील. पण मग ती गाडी कोमलच्या मनात तशीच राहील. न चुकलेली. न हरलेली. चैतालीने फोन हातात घेतला आणि परत पर्समध्ये टाकला.

घरी जाताना कोमलने तिची कंबर धरली नाही. स्कूटीच्या मागच्या दांडीला धरून बसली. कामशेतच्या चढावर, अगदी मध्यावर, चैतालीने गाडी कडेला घेतली.

"उतर. बोलायचंय."

"इथे?"

"ती गाडी आपोआप चालत नाही, कोमल. कधीच चालत नव्हती. फळीमागे सत्यम बसतो. तो चालवतो, मी दिवे फिरवते. सगळं नाटक आहे." म्हणताना तिला वाटलं होतं, कोमल हादरेल, रडेल, आणि मग नेहमीसारखी आपल्या दंडाला धरेल.

कोमल नुसती हसली. "तायडे, पहिल्याच दिवशी मागून खोकला आला होता. आणि तमाखूचा वास. मी काय लहान आहे? म्हणून तर दोन दिले."

"मग?"

"मग दुसऱ्या वेळी तो असूनही चालवत नव्हता. आणि तिसऱ्या वेळी तो नव्हताच. बसल्याबरोबरच कळलं."

"आणि तरी बसलीस? मग चालवतं कोण, कोमल?"

खालून एक एसटी चढत आली, धूर सोडत त्यांना ओलांडून गेली. कोमल ती दिसेनाशी होईपर्यंत थांबली.

"मला नाही माहीत. आणि विचारावंसंही वाटत नाही. तुझ्यामागे बसले की मला सारखं वाटतं, आपण पडणार. कारण तुलाच ते वाटत असतं. तुझ्या पाठीतून कळतं मला. तिथे नाही वाटत." तिचा आवाज अगदी मऊ होता. "एक गोष्ट माझी राहू दे ना, ताई. पुढच्या महिन्यात मी जाणारच आहे हैदराबादला. सांगणार होते."

"मला माहितीये," चैताली म्हणाली.

"कसं?" कोमलने विचारलं. आणि मग, उत्तराची वाट न बघता, तिने मान फिरवली.

७

वरची मंडळी रविवारी येणार म्हणून शनिवारी दुपारी रंगीत तालीम ठरली होती. अनघा मॅडम थेट रविवारीच येणार होत्या. कोमल त्या दिवशी पहिल्यांदा एकटी आली. लोकलने तळेगावपर्यंत आणि पुढे शेअर रिक्षाने. ती यायच्या अर्धा तास आधी चैतालीने सत्यमला सांगितलं, "तू टपरीवर थांब. आज आत मी बसते."

"नका बसू मॅडम," सत्यम म्हणाला. "मशीन असंल तर तुमची गरज न्हाई. नसंल तर..."

"नसेल तर काय?"

"तर तिची जागा हाय ती," तो म्हणाला, आणि 'तिची' म्हणजे कोणाची हे न सांगता निघून गेला.

आत जागा अगदीच थोडी. काळी फळी, एक बसकी सीट, गुडघ्यांना लागणारं स्टेअरिंग, हातभर रुंदीची स्क्रीन. तमाखूचा शिळा वास होता. आणि त्याखाली दुसरा एक, ताज्या धुतलेल्या कपड्यांचा, ज्याचं तिथे काही कारण नव्हतं. सीट गार असायला हवी होती. गार नव्हती. दुपारचं ऊन, पत्र्याची गाडी, चैतालीने स्वतःला समजावलं. दार ओढून घेतल्यावर बाहेरचे सगळे आवाज एकदम कापले गेले, आणि तिला आपलाच श्वास ऐकू येऊ लागला. थोडा वेळ ती तो ऐकत राहिली. मग तिने श्वास रोखून बघितला, आणि पुन्हा तसं करायचं नाही असं ठरवलं.

पुढचं दार उघडलं. कोमल बसली. फळीपलीकडे, हाताच्या अंतरावर.

"आलीस?" कोमल हळूच म्हणाली.

चैतालीला वाटलं, ओळखलं हिने मला! पण लगेच पुढे इंडिकेटर दोनदा वाजला आणि कोमल खुदकन हसली. ती हाक फळीमागच्या कोणाला नव्हतीच.

निळं बटण दाबलं गेलं. 'तयार'चं बटण चैतालीच्या अंगठ्याखालीच होतं. तिने दाबायच्या आधीच ते आत गेलं. गाडी निघाली.

पहिली दोन वळणं चैतालीने हात स्टेअरिंगवर ठेवून नुसतं जाणवून घेतलं. चाक फिरत होतं, शांतपणे, तिच्या हातांना सोबत घेऊन, जसं मोठं माणूस लहान मुलाच्या हातात चाक दिल्यासारखं करतं आणि स्वतःच फिरवतं. तेच तिला सहन झालं नाही. भीती एकीकडे राहिली. तिने दात आवळले आणि चाक घट्ट धरलं. धरू देईना. तिने पाय टेकवून, सगळा जोर लावून ते आपल्याकडे ओढलं.

"काय झालं?" पलीकडून कोमलचा आवाज. "ए, काय होतंय?"

"सोड," चैताली पुटपुटली. कोणाला, तिलाही कळलं नाही. "सोड. माझी आहे ती."

आणि चाक सुटलं.

एकदम, पूर्ण, जसं दोरी ओढण्याच्या खेळात समोरचा मुद्दाम हात सैल सोडतो. चैतालीच्या सगळ्या जोराने चाक एका बाजूला गरकन फिरलं. स्क्रीनवर रस्ता आडवा झाला, खडीचा ढीग मोठा होत आला, कोमल किंचाळली. चैतालीने ब्रेक शोधला. पाय कशावर पडला कोण जाणे.

धडक फार मोठी नव्हती. खडी टपावर खळखळत राहिली, मग तीही थांबली.

मागचं दार ढकलून ती बाहेर पडली. कोमल रस्त्यावर उभी होती, खालचा ओठ फुटलेला, हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ. चैतालीला मागच्या दारातून उतरताना तिने पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जुळत गेली ती चैतालीला स्पष्ट दिसली.

"तू होतीस आत."

"तुला वाचवायला, कोमू. ते काय आहे तुला ठाऊक नाही. मी..."

"कशापासून वाचवायला?" कोमल म्हणाली. "गाडी नीट चालली होती."

"चाक त्यानं सोडलं! मुद्दाम सोडलं!"

"म्हणजे तू ओढत होतीस."

चैतालीने हात पुढे केला. "चल. आपण चालत जाऊ फाटकापर्यंत. घरी जाऊ."

कोमलने त्या हाताकडे बघितलं. तिचाही हात थोडा वर आला, सवयीनेच. ऊन चांगलं होतं, वाळलेल्या गवतातून वारा सळसळत होता, लांब टपरीवर येसूबाई कोणाला तरी हाका मारत होत्या. मागे खडीत रुतलेल्या गाडीचं इंजिन, किल्लीला कोणाचा हात न लागता, सुरू झालं.

कोमलचा हात खाली आला. ती वळली, दार उघडून आत बसली. मग काचेतून वाकून, अगदी समजुतीने म्हणाली, "तूही ये ना ताई. माझ्या शेजारी बस. फक्त हात मांडीवर ठेव."

एवढंच करायचं होतं. दोन पावलं. चैतालीला ती टाकता आली नाहीत. कोमल थोडा वेळ थांबली, हे मात्र खरं.

गाडी हळूहळू खडीतून मागे आली, वळली, आणि चैतालीच्या अगदी जवळून, तिला सांभाळून घेत पुढे सरकली. मागचं दार तिने उघडं टाकलं होतं, तसंच ते झुलत होतं. आत ऊन पडलं होतं. तिला स्वतःची जागा दिसली. तिच्या बसण्याने दबलेली सीट एव्हाना फुगून वर यायला हवी होती. ती आणखी खाली दबली. मग एका कडेला, मग दुसऱ्या. नीट सावरून बसावं तशी.

मग ते दार आतून ओढलं गेलं. धाडकन नाही. कोणी झोपलं असेल त्या खोलीचं दार ओढून घेतात, तितक्या हलकेच.